खाडीत मासे मेले तर पहिल्या दोन भरत्यांत काय करायचं

बडोद्याच्या माणसाला भरती-ओहोटी दिसते ती कावी-कंबोईला. स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, दोनदा उघडं पडतं, आणि दर्शनाची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. महीच्या किंवा ढाढरच्या मुखाशी मासे मेल्याची खबर आली की आधी हे देऊळ डोळ्यांपुढे आणा. ज्या पाण्याने मासे मारले ते पाणी तिथे तुमची वाट बघत थांबलेलं नसतं. दोन भरत्या, म्हणजे जेमतेम २५ तास उलटले की पाण्याच्या बाटलीत बहुधा काहीच सापडत नाही. ‘कीटकनाशक आढळले नाही’ असा कागद हातात येतो आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून खाली सांगितलेलं सगळं घड्याळ लावून करायचं आहे.

पादरा, करजण, जंबुसरकडे शेती असलेल्यांना, खाडीकाठी झिंग्याची, म्हणजे कोळंबीची, तळी चालवणाऱ्यांना आणि विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना याचा थेट उपयोग आहे. शहरात राहणाऱ्यांनीही हे आपल्याशी संबंध नसलेलं समजू नये. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. आपल्या कांसांतून, म्हणजे नाल्यांतून, जे वाहतं त्याचा शेवट खाडीतच होतो.

कोण आधी मेलं?

काठावर पोचल्यावर ‘किती मेले’ हे नंतर मोजा. आधी पाहायचं ते कोण मेलं आणि कोण वाचलं. आमच्या मते अख्ख्या तपासात याहून मोलाची गोष्ट नाही, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

सांडपाण्याचा लोंढा आला किंवा शेवाळ माजून कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा मासे पहाटे मरतात, कारण रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं आणि ऊन पडेपर्यंत त्यात भर पडत नाही. मोठे मासे आधी जातात. लहान मासे पाण्याच्या वरच्या पातळ थरात तोंड काढून तग धरतात, कोळंबी आणि चिंबोऱ्या काठाकडे सरकतात. मेलेल्या माशांची तोंडं बऱ्याचदा उघडी आणि कल्ले फाकलेले दिसतात.

कीटकनाशकाने हा क्रम उलटा होतो. कोळंबी, जवळा, चिंबोरी ही कीटकांची चुलत भावंडं आहेत. तेच सांध्यांचे पाय, तेच कवच टाकून वाढणं, मज्जातंतूंची रचनाही बरीचशी तीच. बोंडअळीसाठी बनवलेलं औषध जवळ्याला सर्वांत आधी लागतं, मग लहान माशांना, शेवटी मोठ्यांना. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम असताना कोळंबी उलटी पडलेली असेल आणि हातभर लांबीचा बोय अजून पोहत असेल, तर संशय पक्का धरा.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू. मायसिड हा जवळ्यासारखा दिसणारा खाऱ्या पाण्यातला जीव. त्याच्यावरच्या ९६ तासांच्या चाचण्यांत निम्मे जीव मारायला क्लोरपायरीफॉस लिटरला सुमारे ०.०३५ मायक्रोग्रॅम पुरलं, सायपरमेथ्रिन तर ०.००५ च्या आसपास. खाडीतल्या माशांसाठी हेच आकडे १ मायक्रोग्रॅमच्या आगेमागे येतात. आता हिशेब करा. सायपरमेथ्रिन २५ टक्के ईसीच्या (पाण्यात मिसळायच्या दाट द्रावणाच्या) बाटलीचं १० मिलीचं एक झाकण घेतलं तर त्यात अडीच ग्रॅम मूळ औषध असतं. लिटरला १ मायक्रोग्रॅम या दराने तेवढं औषध २५ लाख लिटर पाण्याला पुरतं. पाव हेक्टरचं, एक मीटर खोल झिंग्याचं तळं म्हणजे बरोबर एवढंच पाणी. एका झाकणात माशांना धोका, आणि कोळंबीला तर त्याच्या शेकडो पटींनी.

हे ध्यानात घेतलं की बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणावर विसंबणं किती चुकीचं आहे ते कळतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण औषध तोंडावाटे पोटात गेलं तर किती घातक यावर ठरतात. उंदरांवरच्या चाचणीत किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत निम्मे मेले तर लाल, ५००० च्या पुढे गेलं तर हिरवा. माशाचा किंवा कोळंबीचा त्यात कुठेही विचार नाही. क्लोरअँट्रानिलिप्रोलवर हिरवा त्रिकोण असतो, पण कवचवाल्या बारीक जिवांना ते लिटरला काही मायक्रोग्रॅमातही मारतं. ‘हिरवा आहे, कांसाजवळ मारला तरी चालेल’ हे वाक्य ऐकलं की लगेच अडवा.

औषधाचा गट ओळखायला मरणारा जीव जवळून पाहा, मेलेला नव्हे. निवटा घ्या, इथे त्याला लेवटा म्हणतात. निरोगी निवटा ओहोटीच्या चिखलावर बसलेला असतो. तुमची सावली पडली की डोळे आत ओढून क्षणात बिळात जातो. विष लागलेला निवटा सावलीला दाद देत नाही. तो कुशीवर पडतो, अंगावर लहान थरथर चालू राहते, आणि छातीचे पर मागे मिटण्याऐवजी पुढे डोक्याकडे ताणलेले राहतात. ही पुढे ताणलेल्या परांची खूण ऑर्गनोफॉस्फेट (क्लोरपायरीफॉस यातलंच) किंवा कार्बामेट गटाची असू शकते. ही औषधं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. स्नायूला मिळालेला आकुंचनाचा निरोप पुसला जात नाही, म्हणून स्नायू आखडलेलेच राहतात. जोर जास्त असेल तर पाठीचा कणा वाकडा होतो किंवा आतून मोडतो. लांबट माशाला हातात धरून पाठीवरून बोट फिरवा, खड्डा लागतो.

पायरेथ्रॉइड गट, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन, यात मासा आधी वेडावतो. गोल गोल पळतो, उडी मारतो, मग तोल जाऊन कुशीवर तरंगतो. हे औषध मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी ठेवतं, आणि माशाच्या यकृताला ते तोडायला फार वेळ लागतो. थंड पाण्यात त्याचा जोर वाढतो, ऑर्गनोफॉस्फेटचा कोमट पाण्यात. म्हणून डिसेंबरच्या आणि मेच्या घटनांचे अर्थ वेगळे लावावे लागतात.

इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइडने मासे सहसा मरत नाहीत, कवचवाले जीव मात्र झिजतात. नोवाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डायफ्लुबेन्झ्युरॉन यांचा परिणाम तर त्या दिवशी दिसतही नाही. ही औषधं नवं कवच बनू देत नाहीत, म्हणून कोळंबी पुढच्या कात टाकण्याच्या वेळी जुन्या कवचात अर्धी अडकून मरते. कवच मऊ, डोक्याजवळ फाटलेलं, आणि फवारणी होऊन आठ-पंधरा दिवस उलटलेले, असा मेळ बसला तर याच गटाकडे पाहा. तणनाशकं बहुतेक वेळा मासा थेट मारत नाहीत. ती शेवाळ मारतात, शेवाळ कुजतं, आणि मासे प्राणवायूअभावी जातात. तेव्हा मेल्याचा क्रम पहिल्या प्रकाराचा दिसेल, पण मूळ कारण फवारणीच असेल.

कालवं आणि शिंपले यांचं वेगळंच आहे. पाणी वाईट लागलं की ते शिंपा घट्ट मिटून बसतात आणि कित्येक तास, कधी दिवसही, तसेच तग धरतात. म्हणून ‘कालवं तर जिवंत आहेत’ यावरून पाणी ठीक होतं असं म्हणता येत नाही. त्यांची अंडी आणि पाण्यात तरंगणारी पिल्लं मात्र फार नाजूक असतात, तांब्याच्या बुरशीनाशकानेही मरतात. मोठं कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळतं, आणि डीडीटीसारखी चरबीत विरघळणारी द्रव्यं त्याच्या अंगात आसपासच्या पाण्याच्या हजारो पटींनी साठतात. पाणी निघून गेल्यावरही नोंद राहते ती त्यांच्यात आणि चिखलात. नमुन्यांच्या यादीत त्यांना सोडू नका.

पाणी कुठून आलं याचा हिशेब

मेलेला मासा जिथे सापडला तिथेच तो मेला असं नाही, आणि विष वरून आलं असंही नाही. भरती मुखाशी सुटलेलं पाणी कित्येक किलोमीटर वर ढकलते. पुलाच्या खांबावर किंवा काठाच्या गवतावर मेलेल्या माशांची रेघ दिसेल. ती भरतीच्या सर्वांत वरच्या पाण्याची रेघ. तिथले मासे कोणत्या भरतीत आले हे त्यांच्या ताजेपणावरून ओळखा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांबवर जातं आणि लवकर पातळ होतं. अष्टमीच्या भांगाच्या भरतीत पाणी फार हलत नाही, विष एकाच पट्ट्यात रेंगाळतं. त्यामुळे तेवढंच औषध सांडलं तरी अष्टमीला जास्त मासे मरू शकतात. तिथी लिहून ठेवा, ती पंचांगात लगेच मिळते.

आणखी एक गोष्ट. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पायरेथ्रॉइड पाण्यात जेमतेम विरघळतं, गाळाला मात्र घट्ट धरून राहतं, म्हणून ते याच पट्ट्यात तळाशी जमा होतं. पाण्यात सापडलं नाही पण चिखलात सापडलं, असं वारंवार होतं त्याचं कारण हे.

काठावरच्या गावात विचारपूस करताना ‘कीटकनाशक फवारलं का’ असं विचारू नका. ‘दवा छांटी? कई, ने क्यारे?’ असं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. गेल्या तीन दिवसांत कपाशीवर, तुरीवर किंवा भाजीवर काय मारलं, पंप कुठे धुतला, त्यानंतर पाऊस पडला का, एवढं लिहून घ्या. रिकामी बाटली दिसली तर तिचा फोटो काढा, मूळ घटकाचं नाव आणि टक्केवारी वाचता येईल इतक्या जवळून. दोष द्यायला गेलात तर पुढचं कुणी बोलणार नाही. बहुतेकांना झाकणाचा वरचा हिशेब कधी कुणी सांगितलेलाच नसतो.

नमुने

आधी जिवाची काळजी. विश्वामित्री आणि ढाढरमध्ये मगरी आहेत. पाण्यात उतरून बाटली भरायची नाही, दोन मीटर लांब बांबूला बाटली बांधून भरायची. मुखाजवळच्या चिखलात एकट्याने जायचं नाही. पाय मांडीपर्यंत रुतलेला असताना भरती चढू लागली तर सुटायला वेळ मिळत नाही. हातात रबरी मोजे, आणि मेलेला एकही मासा कुत्र्याला, कोंबडीला किंवा माणसाला खाऊ द्यायचा नाही. शिजवून विष जातं ही समजूत खोटी आहे.

पाण्यासाठी एक लिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं लागतात. अस्तर नसेल तर झाकणाखाली स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावा. थंड पेयाची किंवा बिसलेरीची प्लास्टिकची बाटली चालत नाही. पायरेथ्रॉइड तासाभरात प्लास्टिकला चिकटतं आणि प्रयोगशाळेत पोचतं ते नुसतं पाणी. बाटली घरीच साबणाने, मग नळाच्या पाण्याने, मग शेवटी अ‍ॅसिटोनने धुऊन सुकवून ठेवा. काठावर नमुन्याच्या पाण्याने ती खळबळून घेऊ नका. खळबळताना काचेला चिकटलेलं औषध भरलेल्या पाण्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर, प्रवाहाकडे तोंड करून भरा. तीन जागा निवडा: जिथे मासे मेले ती, तिच्या वरची, आणि जिथे काहीच झालेलं नाही अशी एक. तिसरी जागा सोडली तर बाकीच्या दोन्हींना अर्थ उरत नाही.

बाटल्या बर्फात, पण गोठवायच्या नाहीत, काच फुटते. प्रयोगशाळेत सात दिवसांच्या आत त्यातलं औषध विद्रावकात उतरवून घेतलं गेलं पाहिजे, म्हणून बाटली देताना घेतल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.

तिथेच प्राणवायू, तापमान, खारटपणा आणि पीएच मोजा. मीटर नसेल तर विंकलर पद्धतीची ३०० मिलीची बाटली भरून मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड घालून जागेवरच स्थिर करा, बाकीचं मोजमाप संध्याकाळी करता येतं. पांढरा गाळ बसला तर प्राणवायू जवळपास नाही, तपकिरी बसला तर आहे. मासे मेल्यावर सहा तासांनी घेतलेला प्राणवायूचा आकडा मात्र मरणाच्या वेळचा नव्हे, हे विसरू नका.

चिखल ओहोटीत घ्या. स्टीलच्या चमच्याने वरचा फक्त २ ते ३ सेंटिमीटरचा थर, पाच-सहा ठिकाणचा एकत्र कालवून, काचेच्या बरणीत, तीन चतुर्थांश भरून. खोल खणलं तर गेल्या कित्येक वर्षांचा गाळ येतो आणि कालची गोष्ट त्यात हरवते. बरणी गोठवायची.

मासे घेताना अजून धडपडणारे घ्या. तसे नसतील तर डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक आणि वास न येणारे. कल्ले राखाडी झाले असतील तर तो मासा मोजणीत धरा, पिशवीत नको. एका जातीचे, एकाच आकाराचे निदान पाच ते दहा, आणि तेवढेच न मेलेल्या जागेवरून. फॉइलमध्ये गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाई पाण्यात जाते.

मेंदूतलं विकर तपासायचं असेल तर डोकी ताबडतोब कोरड्या बर्फात गोठवा. ही घाई विनाकारण नाही. कार्बामेटने बंद पडलेलं विकर मासा मेल्यावरही गरम हवेत हळूहळू सुटतं, आणि दुपारभर डिकीत राहिलेला मासा निरोगी असल्यासारखा आकडा देतो. ऑर्गनोफॉस्फेटचा बांध सहसा सुटत नाही. तुलनेच्या माशांपेक्षा विकराची क्रिया २० टक्क्यांनी उतरली तर संपर्क झाला असं धरतात. औषधाने मेलेल्या माशांत घट बहुधा ७०-८० टक्क्यांच्या पुढे असते. पायरेथ्रॉइड या चाचणीत दिसत नाही, म्हणून विकर ठीक आलं याचा अर्थ औषध नव्हतं असा काढू नका.

एका माशाचे कल्ले १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, कल्ल्याच्या दहापट फॉर्मॅलिन. कालवं शिंपेसकट, पाणी न घालता, फॉइलमध्ये.

कायद्याची एक बाजू आधीच माहीत असलेली बरी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतला असेल तरच तो न्यायालयात पुरावा ठरतो. तुम्ही घेतलेली बाटली दिशा दाखवेल, खटला चालवणार नाही. म्हणून काठावर पोचताच पहिला फोन गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला, दुसरा मत्स्य खात्याला, आणि मगच बाटल्या उघडा. ओहोटीनंतर उरलेल्या डबक्यातच सगळे मासे मेले असतील आणि बाहेर काही नसेल, तर कुणी विष टाकून मासे धरले का हेही सांगा. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच ते गुन्हा आहे.

कोळंबीच्या पिल्लांवर ४८ तासांची चाचणी

रासायनिक तपासणी महाग असते आणि जे शोधायला सांगाल तेवढंच शोधते. पाणी मारतं की नाही हे थेट विचारायचं तर जिवंत प्राणीच लागतो. माशांवर चाचणी करायची तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घ्या. कोळंबीची पिल्लं वापरली तर काम हलकं होतं आणि ती जास्त संवेदनशीलही असतात.

हॅचरीतून १५ दिवसांची, एकाच तुकडीची पिल्लं आणा. आणल्यावर त्यांच्या पाण्याचा खारटपणा तासाला हजारी १ ते २ भागांपेक्षा जास्त बदलू नका, आणि निदान दोन दिवस स्थिर होऊ द्या. त्या दोन दिवसांत दहात एकाहून जास्त मेली तर तुकडी परत करा, आजारी पिल्लांवर केलेली चाचणी कुणावर तरी खोटा आळ घेते.

एक लिटरचे काचेचे बीकर घ्या. संशयित पाण्याचे पाच टप्पे करा: १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के, आणि एक निव्वळ स्वच्छ पाण्याचा. पातळ करायला वापरलेलं पाणी आणि संशयित पाणी यांचा खारटपणा सारखाच हवा. संशयित पाणी गोडं असेल तर त्यात समुद्री मीठ घाला, आणि तेच मीठ तितकंच घातलेलं साधं पाणी स्वच्छ बीकरमध्ये ठेवा. नाहीतर पिल्लं मिठाच्या धक्क्याने मरतील आणि तुम्ही औषधाला जबाबदार धराल. या चाचणीतली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

प्रत्येक टप्प्याचे तीन बीकर, प्रत्येकात दहा पिल्लं, म्हणजे एकूण १८० लागतात, २२० आणा. हवा काचेच्या बारीक नळीने, मिनिटाला शंभरेक बुडबुडे इतकीच. हवेचा दगड लावला तर औषध दगडात शोषलं जातं. तापमान २६ ते २८ अंश, आणि सगळीकडे सारखंच. रोज दोनदा ताज्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचवाला जीव) चिमूटभर पिल्लांचं खाद्य द्या. उपाशी ठेवलीत तर ती एकमेकांना खातात. मोजणीत कमी भरलेलं पिल्लू मेलेलं धरायचं.

१, ३, ६, १२, २४, ३६ आणि ४८ तासांनी पाहा. काचेच्या कांडीने हलकेच टोचल्यावर पाय किंवा शेपूट हललं नाही तर मेलं. मरायच्या आधीची लक्षणंही लिहा: उलटं पोहणं, शेपटीचे झटके, तळाला कुशीवर पडून पायांची थरथर. पहिल्या तीन तासांतले झटके हे ऑर्गनोफॉस्फेट किंवा पायरेथ्रॉइडचं लक्षण, दुसऱ्या दिवशी सावकाश मरणं इतर कशाचंही असू शकतं.

स्वच्छ बीकरमध्ये १० टक्क्यांहून जास्त मेली तर चाचणी रद्द. १० टक्क्यांच्या आत असेल तर दुरुस्ती करा: बीकरमधल्या मृत टक्क्यांतून स्वच्छ बीकरचे टक्के वजा करा, उरलेल्याला १०० वजा स्वच्छ बीकरचे टक्के याने भागा, शंभराने गुणा. निम्मी मारणारी तीव्रता काढायला लॉग मापाचा आलेख-कागद पुरतो. समजा २५ टक्के पाण्यात २० टक्के मेली आणि ५० टक्के पाण्यात ८० टक्के, तर निम्म्यांची रेघ बरोबर मध्ये, म्हणजे २५ गुणिले ५० चं वर्गमूळ, सुमारे ३५ टक्के पाण्यावर येते. सगळीच मेली किंवा कुणीच नाही, मध्ये एकही टप्पा नाही, असं झालं तर टप्पे जवळजवळ घेऊन पुन्हा करा.

पाणी मारतं हे ठरलं की कारण चाचपायला तीच चाचणी थोड्या बदलांनी पुन्हा लावा. नमुना सक्रिय कोळशातून गाळून वापरला आणि पिल्लं वाचली तर कारण सेंद्रिय द्रव्य. थोडं सोडियम थायोसल्फेट घालून वाचली तर क्लोरीन. धातूंना बांधून ठेवणारं इडीटीए घालून वाचली तर धातू. औद्योगिक पट्ट्यालगतच्या पाण्यासाठी या तीन पायऱ्या टाळू नयेत, नाहीतर दुसऱ्याचं पाप शेतकऱ्याच्या माथी येतं. शेवटची पायरी सगळ्यांत सुंदर. पिपेरोनिल ब्युटॉक्साइड लिटरला १०० मायक्रोग्रॅम घाला. ते प्राण्याच्या शरीरातली विषं बदलणारी विकरं अडवतं. क्लोरपायरीफॉससारखं औषध शरीरात बदललं गेलं तरच घातक होतं, त्यामुळे पिल्लं कमी मरतात. पायरेथ्रॉइड याच विकरांनी निकामी होत असतं, ते अडलं की पिल्लं जास्त मरतात. नुसतं पिपेरोनिल घातलेला स्वच्छ बीकर सोबत हवाच.

शेत, कांस आणि तळं

कपाशीवर बोंडअळी आणि पांढऱ्या माशीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारण्या चालतात, आणि पाऊसही त्याच दिवसांत असतो. फवारणीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जोराचा पाऊस आला तर सर्वांत जास्त औषध वाहून जातं. चोवीस तासांत पावसाचा अंदाज असेल तर पंप बाहेर काढू नका. कांसाच्या किंवा ओढ्याच्या बाजूला निदान १० मीटर गवताचा पट्टा सोडा, त्यावर फवारायचं नाही. वारा पाण्याकडे असेल तर त्या दिवशी नाही.

रिकामी बाटली तीनदा पाण्याने खळबळून ते पाणी पंपाच्या टाकीतच ओता आणि शेतातच फवारा. पंप कांसात धुणं हे आमच्या पाहण्यात सर्वांत घातक आणि सर्वांत सहज टाळता येणारं काम आहे. जुना साठाही तपासा. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये थांबवलं. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद आहे. कोठारात सापडलं तर पाण्यात ओतायचं नाही, कृषी खात्याला कळवायचं. फवारणाऱ्याला लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

झिंग्याच्या तळ्यात पाणी घेताना पावसाच्या पहिल्या जोरानंतर निदान दोन भरत्या फाटक बंद ठेवा. पाणी आधी साठवण तळ्यात घ्या, गाळ बसू द्या, तळाचा हातभर थर मुख्य तळ्यात ओढू नका. मुख्य तळ्यात सोडण्याआधी साठवण तळ्यातलं पाणी स्टीलच्या बादलीत भरा, शेजारी चालू तळ्यातल्या पाण्याची दुसरी बादली ठेवा, आणि दोन्हींत तीच दहा-दहा पिल्लं सोडा. दुसऱ्या दिवशी बादलीवर टिचकी मारा. दोन्हीकडची पिल्लं सारख्याच झटक्याने मागे उडी घेत असतील तर पंप सुरू करायचा.